सहा मिलिमीटरचं भिंग

मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये डोळ्यात बसवतात, ते भिंग एकदा नमुना म्हणून बोटाच्या टोकावर घ्यायला मिळालं. जेमतेम सहा मिलिमीटरचं पारदर्शक वर्तुळ आणि दोन बाजूंना केसासारखे दोन वाकडे हात. मी श्वास रोखून धरला होता, कारण फुंकर बसली असती तर ते गेलंच असतं. एवढ्याशा वस्तूमुळे म्हातारं माणूस पुन्हा तांदूळ निवडायला बसतं!

ते सुचलं कसं, तेही ऐका. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लढाऊ विमानांच्या काचा फुटून वैमानिकांच्या डोळ्यांत तुकडे घुसायचे. ती काच म्हणजे खरं तर पर्स्पेक्स नावाचं प्लास्टिक. हॅरॉल्ड रिडली या डॉक्टरांच्या लक्षात आलं, की डोळा या तुकड्यांवर चिडत नाही, निमूट सांभाळून घेतो. १९४९ मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी त्याच जातीच्या प्लास्टिकचं भिंग माणसाच्या डोळ्यात बसवलं.

आपल्याकडच्या गरिबाच्या वाट्याला मात्र पुढे कितीतरी वर्षं मोतीबिंदू काढल्यावर सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा यायचा. परदेशी भिंगाला शंभर डॉलरच्या आसपास पडायचे, ते कुठून आणणार? डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामींनी १९७६ मध्ये मदुरैत अकरा खाटांवर अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केलं होतं. त्याच परिवारात १९९२ मध्ये ऑरोलॅब हा कारखाना उभा राहिला. सेवा फाउंडेशनसारख्या संस्थांनी त्याला हात दिला. भिंगाची किंमत दहा डॉलरच्या घरात आली आणि मग आणखी उतरली. दानाच्या पैशातून हजार ऑपरेशनं झाली असती आणि पैसे संपले असते. इथे त्या पैशातून भिंग करण्याची विद्याच विकत घेतली गेली. मला हे दान सगळ्यात हुशार वाटतं.

असाच शहाणपणा पाहायला आता आमच्या दिल्लीतल्या करोल बागेतून निघू. ब्लू लाइनने मंडी हाऊस, तिथे गाडी बदलून आयटीओ, मग दिल्ली गेट. उतरून दर्यागंजात शिरलं की डॉ. श्रॉफ चॅरिटी आय हॉस्पिटल. सोराबजी श्रॉफ या पारशी डॉक्टरांनी १९१४ मध्ये सुरू केलेलं हे काम. आज त्याच्या शाखा अलवर, सहारनपूर, मेरठ, वृंदावनपर्यंत गेल्या आहेत. धर्मादाय म्हणजे सगळंच फुकट, असा आपला समज असतो. इथे ज्याला परवडतं तो पैसे भरतो आणि त्याच्या बिलातून उरलेले चार पैसे खेड्यातून आलेल्या आजीच्या ऑपरेशनकडे वळतात. दोघांची गाठही पडत नाही.

हा हिशेब करोल बागेला शंभर वर्षांपूर्वीच ठाऊक होता. हकीम अजमल खानांच्या हिंदुस्तानी दवाखान्यात औषधं विकली जात आणि ती कमाई करोल बागेतल्या तिब्बिया कॉलेजच्या कामी येई. त्या कॉलेजचं उद्घाटन गांधीजींनी १९२१ मध्ये केलं. अजमल खान रोडवर खरेदीला येणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल?

मग देणगी लागते कशाला? कारण मोतीबिंदूचं गणित जुळतं, पण सगळ्याच डोळ्यांचं जुळत नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोळ्याच्या आतल्या पडद्यावर वेड्यावाकड्या रक्तवाहिन्या वाढू शकतात. त्या जन्मानंतर काही आठवड्यांतच पकडाव्या लागतात, नाहीतर बाळ कायमचं आंधळं होऊ शकतं. डोळ्याचा कर्करोग झालेलं मूल वारंवार आणावं लागतं. खेड्यापर्यंत गाडी न्यायची, तपासायचं, ज्याला गरज असेल त्याला बसवून आणायचं आणि परत सोडायचं. अशा कामाचा खर्च कुणाच्या बिलात घालणार? शिबिराच्या गाडीतलं डिझेल हेही नेत्रदानच आहे, असं मी म्हणेन.

आणि ज्याला आपण नेहमी नेत्रदान म्हणतो, ते तर आणखी थक्क करणारं. बुबुळावरची ती स्वच्छ काच, कॉर्निया, जेमतेम अर्ध्या मिलिमीटर जाडीची. तिच्यात एकही रक्तवाहिनी नाही, म्हणून तर ती आरपार दिसते. प्राणवायू ती अश्रूंच्या ओलाव्यातून, थेट हवेतूनच घेते. रक्ताशी संबंध नसल्यामुळे परक्या माणसाची कॉर्निया शरीर बऱ्याचदा मुकाट्याने स्वीकारतं. रक्तगट जुळवायची गरज पडत नाही. देणाऱ्याला चष्मा असो, मधुमेह असो, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असो, चालतं. वयाचंही फारसं काही नाही.

वेळ मात्र साधारण सहा तासांचीच. त्यामुळे घरात कुणी गेलं, की नेत्रपेढीला लगेच फोन करायचा. पापण्या अलगद मिटायच्या, त्यावर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी द्यायची आणि पंखा बंद करायचा.