सुरतेतून वर चढत गेलेल्या पवनचक्क्या

१९९०च्या सुमारास सुरतेत कापडाचा धंदा करणाऱ्या तुलसी तांती यांनी दोन पवनचक्क्या विकत घेतल्या. वीज सारखी जायची, बिल मात्र वाढत चाललेलं. कच्च्या मालाखालोखाल खर्च विजेचाच. त्या अनुभवातून १९९५मध्ये पवनचक्क्या बनवणारी सुझलॉन ही कंपनी उभी राहिली. पुढे मुख्यालय पुण्याला आलं, म्हणून आपण तिला पुण्याचीच समजतो. तेव्हापासूनच्या प्रवासात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते एकच: पवनचक्कीचा मनोरा वर वर चढत गेला.

का, ते उत्तरायणाला सुरतेच्या कुठल्याही गच्चीवर दिसतं. घरांच्या आडोशात पतंग गिरक्या खातो, ठुमके मारून हात भरून येतात. तो आजूबाजूच्या टाक्यांच्या वर निघाला की मांजा ताणला जातो; मग नुसती ढील द्यायची. जमीन, झाडं, भिंती वाऱ्याला खालून अडवतात. वर जावं तसा हा अडसर कमी होतो. मोकळ्या सपाट रानातला ढोबळ हिशेब असा, की उंची दुप्पट केली तर वेग सुमारे १० टक्के वाढतो. हे किरकोळ वाटेल, पण वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते. म्हणजे ती जवळजवळ ३५ टक्क्यांनी वाढते!

सुरुवातीला ही उंची डोंगरांनीच दिली. साताऱ्याचं वनकुसवडे पठार समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच; चढावर दाबला गेलेला वारा माथ्यावर वेगाने सुटतो. सुरतेतल्या उधना-लिंबायतच्या यंत्रमागांवर राबणारे खानदेशी सुरत-धुळे रस्त्याने गावी जातात, त्या वाटेवरच्या साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या आहेत. सपाट कच्छात मात्र मनोराच वाढवावा लागला. २०१४मध्ये सुझलॉनने तिथे १२० मीटरचा मनोरा उभारला, खाली जाळीचा आणि वर नळीचा.

चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेचे अंदाजही असेच चढत गेले. ५० मीटर उंचीवर देशाची क्षमता ४९ हजार मेगावॉट, १००वर ३ लाख २ हजार, १५०वर साडेअकरा लाखांहून अधिक. उपलब्ध जमिनीचा हिशेब नव्याने मांडल्याचाही त्यात वाटा आहे. महाराष्ट्राचा आकडा १०० मीटरवर ४५ हजार, तर १५०वर १ लाख ७३ हजार.

१ ऑक्टोबर २०२२ रोजी तांती गेले, पण मनोरे उंच करण्याचं काम अजून बाकी आहे. जुनी यंत्रं बदलण्याचं केंद्राचं धोरण २०१६मध्ये आलं, २०२३मध्ये सुधारलं. आपल्याकडच्या सर्वांत चांगल्या वाऱ्याच्या जागा पहिल्या पिढीच्या बुटक्या यंत्रांनी अडवल्या आहेत. नवी पठारं खोदण्याआधी तिथलेच मनोरे उंच व्हावेत, असं मला मनापासून वाटतं.