पुंगळी पुन्हा मापात

अमेरिकेतले बरेच हौशी नेमबाज पिस्तुलाच्या रिकाम्या पुंगळ्या फेकत नाहीत, पुन्हा भरतात. बार उडाला की पितळ फुगून चेंबरच्या भिंतीला टेकतं, किंचित मागे येतं, पण मूळ मापाला परतत नाही. म्हणून पुंगळी डायमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, दाबून आवळावी लागते. डाय पोलादी असेल तर आधी वंगण हवंच, नाहीतर पुंगळी आत रुतून बसते. डायमधलं टंगस्टन कार्बाइडचं कडं मात्र इतकं कठीण आणि गुळगुळीत, की पॉइंट ३८ स्पेशल काडतुसाची सरळ पुंगळी कोरडीच सरकते. चार पैसे जास्त गेले तरी मी कार्बाइडच घ्यायला सांगेन. ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्ताचं हे पितळ प्रत्येक दाबानिशी कडक होत जातं. मग कधीतरी तोंडाशी केसाएवढी चीर दिसते. ती पुंगळी थेट भंगारात टाकायची.