मुक्कामाची गाडी

नवी वेगवान गाडी सुरू झाली की तिची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येतात, हिरवे निशाण दाखविणाऱ्यांची भाषणे होतात. पॅसेंजर बंद होते त्या दिवशी मात्र कोणी भाषण करीत नाही. दूधवाला, कॉलेजात जाणारी मुलगी, तालुक्याच्या कोर्टात तारीख असलेला शेतकरी फलाटावर येतात, स्टेशनमास्तरांना विचारतात आणि एस.टी.च्या थांब्याकडे वळतात. ही धाकटी गाडी परत मिळावी, किंवा जेथे ती कधीच नव्हती तेथे यावी, म्हणून देशात ठिकठिकाणचे प्रवासी संघ अर्जविनंत्या करीत असतात. त्या मागणीत नेमके काय मागावयाचे, याविषयी आज थोडे बोलावयाचे आहे.

२०२० च्या मार्चमध्ये महासाथीमुळे देशातील उतारूंच्या गाड्या थांबल्या. पुढे लांब पल्ल्याच्या गाड्या क्रमाक्रमाने परतल्या. पॅसेंजर मागे राहिल्या. ज्या आल्या त्यांतील पुष्कळशा ‘विशेष’ हे बिरुद लावून आल्या. डबे तेच, चालही तीच, पण भाडे एक्स्प्रेसचे. दहा रुपयांचे किमान तिकीट तीस रुपयांचे झाले. दोन स्टेशने पलीकडच्या आठवडी बाजारास जाणाऱ्या बाईला ही विशेषता कशी परवडावी? तक्रारी होत राहिल्या आणि २०२४ च्या फेब्रुवारीअखेर जुने भाडे परत आले. भाडे परतले, तरी सर्वच गोष्टी परतल्या असे नाही. रत्नागिरीहून थेट दादरला येणारी पॅसेंजर २०२१ मध्ये पुन्हा धावू लागली ती दिव्यापर्यंतच. गाठोडी, पोरेबाळे आणि फणस घेऊन येणाऱ्या कोकणी माणसाला दिव्यास लोकलच्या गर्दीत शिरावे लागले. गाडी पूर्ववत दादरला न्यावी, ही मागणी त्यातून उभी राहिली.

रेल्वेची बाजूही समजून घेतली पाहिजे. ती न समजता केलेला अर्ज फायलीतच राहतो. एकेरी लोहमार्गावर समोरासमोरून येणाऱ्या दोन गाड्यांची गाठ स्टेशनातच पडावी लागते. एकीने बाजूच्या रुळावर उभे राहावयाचे; हा मान बहुधा पॅसेंजरचा. दुहेरी मार्गावरही वेगवान गाड्यांच्या रांगेत एक धिमी गाडी शिरली की ती मागच्या गाड्यांची वाट अडविते. पैशाचे तर विचारूच नये. प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी ५७ टक्केच वसूल होतात, असे रेल्वेने काही वर्षांपूर्वी तिकिटावरच छापावयास सुरुवात केली. वाण्याने साखरेच्या पुडीवर आपला तोटा लिहून द्यावा, तसा हा प्रकार! पण आकडा खोटा नव्हे. ही तूट मालगाड्यांच्या उत्पन्नातून भरून निघते. म्हणून कोळशाच्या गाडीला वाट मिळते आणि उतारूंची गाडी तिष्ठत राहते.

आता बीडकडे वळू. अहमदनगर म्हणजे आताचे अहिल्यानगर, तेथून बीडमार्गे परळीपर्यंतचा सुमारे २६१ किलोमीटरचा लोहमार्ग १९९५ मध्ये मंजूर झाला. जिल्ह्यातील परळीला गाडी पूर्वीपासून होती. जिल्ह्याचे ठाणे असलेल्या बीड शहराला नव्हती. याच जिल्ह्यातून हजारो कुटुंबे दर वर्षी ऊसतोडणीसाठी गाव सोडून जातात. मंजुरीच्या वेळी ३५३ कोटी रुपयांचा अंदाज होता; जमिनी ताब्यात येईपर्यंत आणि पैसे सुटेपर्यंत तो ४,८०५ कोटींवर गेला. निम्मा भार राज्य सरकारने उचलला. मोर्चे निघाले, निवेदने गेली, एक अख्खी पिढी वाट पाहत म्हातारी झाली. २३ सप्टेंबर २०२२ रोजी गाडी आष्टीपर्यंत ६६ किलोमीटर आली आणि १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्रामदिनी, बीडला पोहोचली. परळीपर्यंतचा उरलेला भाग तेव्हा व्हावयाचाच होता.

बीडकरांना त्या दिवशी झालेला आनंद खराच होता. परंतु आष्टीची गाडी कशी ठरविली गेली ते पाहण्यासारखे आहे. ती सकाळी नगरहून निघे, आष्टीस येई आणि अकराच्या सुमारास परत फिरून दुपारी नगरला पोहोचे. नगरच्या कचेरीत किंवा इस्पितळात सकाळी दहाला पोहोचावयाचे असलेल्या आष्टीच्या माणसाला तिचा काय उपयोग? दुपारी पोहोचला तरी त्याच संध्याकाळी परतीची गाडी नाहीच. गाडीत गर्दी होईना, यात नवल ते काय! बीडच्या गाडीचे पहिले वेळापत्रकही याच साच्याचे निघाले: सकाळी अहिल्यानगरहून निघावयाचे, दुपारी बीड, आणि लगेच माघारी. अशा गाडीतून मोजलेल्या उतारूंच्या आकड्यावरून ‘लोकांना गाडी नकोच आहे’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे दुकान मध्यरात्री उघडून गिऱ्हाईक नाही म्हणण्यासारखे आहे.

असे का होते, याचे कारण साधे आहे. गाडी रात्री जेथे उभी असते, तेथील लोकांची सकाळ सोयीची होते. खेड्यापाड्यांतील श्रोत्यांना हे सांगावयास नको, मुक्कामाची एस.टी. ज्या गावात असते, त्या गावची पोरे पहिल्या तासाला शाळेत हजर असतात. रेल्वेची गाडी मुक्कामास ठेवणे मात्र एस.टी.इतके सोपे नाही. तिच्यासाठी निराळा रूळ लागतो, पाणी भरण्याची व डबे झाडण्याची सोय लागते, चालकांना व गार्डला विश्रांतीची खोली लागते. डिझेल गाडीची देखभाल ठराविक शेडमध्येच होते, तेथे ती ठरल्या दिवसांनी जावी लागते. ही सोय मोठ्या जंक्शनात आयती असते, म्हणून गाडी तेथून निघते आणि तेथेच झोपावयास जाते. नव्या लोहमार्गाच्या शेवटच्या स्टेशनात ती मुद्दाम करावी लागते, आणि तिचा खर्च पूल-बोगद्यांच्या मानाने किरकोळ असूनही ती मागावयाची कोणाला सुचत नाही.

वऱ्हाडात मूर्तिजापूरहून एका बाजूला यवतमाळ आणि दुसऱ्या बाजूला अचलपूर अशी धावणारी शकुंतला आता बंद आहे. कापसासाठी घातलेली ही अरुंद रुळांची लाईन खाजगी कंपनीच्या मालकीची. तिचे मँचेस्टरचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत चालले. ती रुंद रुळांवर परत यावी म्हणून तेथील लोक अजून झटत आहेत. त्या निवेदनात आणखी एक ओळ आताच घालून ठेवावी: पहाटेची पहिली गाडी मूर्तिजापूरहून नव्हे, यवतमाळहून आणि अचलपूरहून सुटावी.