झग्याच्या आतला माणूस

न्यायमूर्ती एकदा काळा झगा चढवून आसनावर बसले, की त्यांचं घर, जात, मित्रमंडळी सारं दाराबाहेर राहिलं, असं आपण धरून चालतो. चालावंही लागतं, नाहीतर कोर्टाची पायरी चढणार कोण? पण झग्याच्या आत माणूसच असतो. त्याच्या मनाचा कल निकालात शिरतो तो कोणत्या वाटेनं? लोकमान्य टिळकांचे खटले या दृष्टीनं पाहण्याजोगे आहेत.

१८९७ साली टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला झाला. न्या. पार्सन्स आणि न्या. रानडे यांनी जामीन नाकारला, पुढं न्या. बद्रुद्दीन तय्यबजींनी तो दिला. आरोपी तोच, कायदाही तोच. तय्यबजींपुढं टिळकांसाठी उभे होते बॅरिस्टर दिनशा दावर. खटला मात्र न्या. स्ट्रेचींपुढं चालला. सरकारविषयी 'अप्रीती' म्हणजे प्रीतीचा अभाव, असं त्यांनी ज्यूरीला समजावलं. झालं! सरकारवर प्रेम नसणं हाच गुन्हा ठरायला मग कितीसा वेळ? ज्यूरीत ६ युरोपियन, ३ हिंदी. सहांनी दोषी म्हटलं, तिघांनी निर्दोषी. दीड वर्षाची शिक्षा झाली.

१९०८ साली 'केसरी'तल्या लेखांवरून दुसरा खटला उभा राहिला, तेव्हा दावर न्यायमूर्तींच्या आसनावर होते. या खेपेस बॅ. जिनांनी जामीन मागितला. ज्यांनी एकेकाळी टिळकांसाठी तो मिळवला होता, त्याच दावरांनी तो नाकारला. सरकारला खास ज्यूरी हवी होती. लेख मराठी, आणि अशा ज्यूरीत मराठी न जाणणारे युरोपियनच भरणार, अशी बॅ. बाप्टिस्टांची हरकत होती. दावरांनी सरकारचं म्हणणं मान्य केलं. ज्यूरीत ७ युरोपियन आणि २ पारशी आले. मराठी लेख भाषांतरातून तोलले गेले. टिळक स्वतः सुमारे २१ तास बोलले, भाषांतरातल्या चुका दाखवत राहिले. कौल ७ विरुद्ध २. सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा. ती मंडालेत भोगली. ते तिथं असतानाच १९१२ साली इकडे सत्यभामाबाई वारल्या.

दावरांच्या मनात काय होतं, हे छातीठोकपणे कोण सांगणार? पण जामीन, ज्यूरी, शिक्षेचं माप, या साऱ्या जागा पाहा. इथं कायदा न्यायाधीशाला म्हणतो, तुम्हाला योग्य वाटेल तसं करा. आणि 'योग्य वाटणं' हे ज्या लोकांत आपण उठतो-बसतो, त्यांच्याकडून नकळत आलेलं असतं. कल शिरतो तो इथं. निकालपत्राच्या ओळींत त्याला शोधलंत, तर सापडायचा नाही.

बरं, रक्तावरून हिशेब मांडावा, तर तोही जुळत नाही. १९१६ साली बेळगाव आणि नगर इथल्या भाषणांवरून मॅजिस्ट्रेटनं टिळकांकडून २० हजारांचा जातमुचलका मागितला. हायकोर्टानं तो हुकूम रद्द केला. न्यायमूर्ती होते बॅचलर आणि लल्लूभाई शहा. एक इंग्रज, एक हिंदी. सुटं वाक्य न धरता भाषणं सबंध वाचायची, ही त्यांची रीत. शिवाय इथं दोघांनी मिळून ऐकलं, आणि कारणं लिहून द्यावी लागली. ज्यूरीला कारणं द्यावी लागत नसत.

१९०८ साली शिक्षा झाली त्या दालनाबाहेर १९५६ साली मुख्य न्यायमूर्ती छागलांनी एका शिलालेखाचं अनावरण केलं. कौल ऐकल्यावर टिळक जे बोलले, ते शब्द त्यावर कोरले आहेत.