भजनी मंडळासाठी माईक आणि स्पीकर

मंडळाने वर्गणी जमवली की दुकानात पहिला प्रश्न होतो, "किती वॅटचा स्पीकर?" माझ्या मते तो सगळ्यात शेवटी विचारावा. वॅट दुप्पट केले तरी आवाज 3 डेसिबलनेच वाढतो. कानाला तो जेमतेम जाणवतो. याउलट तोंड आणि माईक यांतलं अंतर निम्मं केलं, तर माईकला 6 डेसिबल जास्त मिळतात. तेवढ्यासाठी वॅट चौपट करावे लागले असते!

म्हणून पैसे आधी माईकवर घाला. बुवांसाठी समोरचा आवाज घेणारा आणि पाठीमागचा टाळणारा डायनॅमिक माईक हवा. 1966 पासून मिळणारा शुअरचा एसएम 58 याच जातीचा. मात्र जाळी मुठीत धरली की हा गुण जातो आणि शिट्टी सुरू होते. आणखी एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते: टाळकरी बुवांच्या थेट मागे बसले, तर माईकचं तोंड त्यांच्याकडेच असतं आणि अभंगाचे शब्द टाळांत बुडतात. त्यांना बुवांच्या समोर, माईकच्या पाठीकडे बसवा. टाळांना वेगळा माईक नकोच.

पेटीचा माईक एका टोकाला चिकटवू नका, तिथलेच सूर मोठे येतात. हातभर दूर, मधोमध ठेवा. पखवाजाला दोन माईक असावेत, कारण शाईच्या आणि कणकेच्या बाजूचा आवाज अगदी निराळा. कोरसला दोन पुरे. झाले सहा, म्हणजे आठ माईक घेणारा मिक्सर बास. कंडेन्सर माईक घेतलात तर मिक्सरवर 48 व्होल्टची फँटम पॉवर आहे ना, ते पाहा. जो माईक वापरात नाही तो बंद ठेवा. उघडे माईक वाढले की शिट्टी लवकर येते.

स्पीकर? देवळाच्या सभामंडपाला 10 किंवा 12 इंची दोन ॲक्टिव्ह स्पीकर पुरतात. ते माईकच्या पुढे, श्रोत्यांच्या बाजूला आणि बसलेल्यांच्या डोक्यावरून आवाज जाईल इतक्या उंच स्टँडवर असावेत. बुवांना स्वतःचा आवाज ऐकायचा असेल, तर छोटा मॉनिटर त्यांच्या माईकच्या बरोबर पाठीमागे ठेवा.

खरेदीआधी हेच सामान एका एकादशीला भाड्याने आणा आणि आपल्याच देवळात, आपल्याच पखवाजावर ऐकून पाहा.