भिंती राहिल्या, पोथीचं काय?

डहाणू-तलासरीची मंडळी चारोटी नाक्यावरून महामार्गाला लागली, की दक्षिणेला वसईची वाट मिळते. वसईच्या किल्ल्यातली चर्च आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. १७३९ साली मराठ्यांनी किल्ला जिंकला. पुढे त्या वास्तूंचा वापर थांबला आणि बिनछपराच्या भिंती तेवढ्या उरल्या.

याउलट गोव्यात, साष्टी भागात झुआरी नदीकाठी राचोल नावाचं छोटं गाव आहे. जुन्या कागदपत्रांत त्याला रायतूर म्हणतात. इथल्या जेझुइट महाविद्यालयाची पायाभरणी १६०६ साली झाली. शेजारी संत इग्नेशियस यांचं चर्च, आत ग्रंथालय. १७५९ मध्ये जेझुइटांना गोव्यातून घालवलं गेलं, तरी वास्तू ओस पडली नाही. तिथं धर्मगुरू घडवणारी सेमिनरी चालू राहिली. वापरातलं घर टिकतं, म्हणतात ते असं.

मराठी माणसाला या गावाची ओढ वाटावी, याचं कारण मात्र वेगळं आहे. १५७९ साली गोव्यात आलेले इंग्रज धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी ओवीत ‘ख्रिस्तपुराण’ रचलं. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ साली राचोललाच छापला गेला, तोही रोमन लिपीत. काना, मात्रा, जोडाक्षरं यांमुळे देवनागरीचे शेकडो खिळे पाडावे लागले असते आणि ती सोय तेव्हा नव्हती. सतराव्या शतकातच त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या.

या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. दमट हवा, वाळवी आणि त्यात १६८४ साली स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध निघालेला सरकारी हुकूम. अशा दिवसांत ग्रंथ वाचला तो भाविकांनी हातानं उतरवून घेतलेल्या पोथ्यांमुळे. गोवा सोडून मंगळूरकडे गेलेल्या कुटुंबांनी त्या जपल्या. तशा हस्तलिखितांवरूनच १९०७ साली मंगळूरला तो पुन्हा छापला गेला.

दगडी भिंत शतकं काढते, कागदाला मात्र माणसाचा हात लागतो. आपल्या किनाऱ्यावरच्या गावांतही जुनी वाचनालयं आहेत. त्यांच्या इमारतीला रंग देताना कपाटं उघडून पुस्तकांना ऊन-वारा दाखवावा, यादी करावी, दुर्मीळ पुस्तकाची एक प्रत काढून दुसरीकडे ठेवावी. खर्च थोडा आहे. एकुलती एक प्रत गेली, तर ती कुठून आणणार?