घरातली यंत्रं, भाग ५ : पंख्याची गरम वाटी

दिवाळीच्या साफसफाईत स्टुलावर चढून पंख्याची पाती पुसणाऱ्याला एक गोष्ट नेहमी जाणवते. पंखा नुकताच बंद केलेला असेल, तर पात्यांच्या मधली गोल वाटी गरम लागते. रात्रभर चाललेला पंखा असेल तर चांगलीच गरम. खोली गार राहावी म्हणून लावलेलं यंत्र स्वतः तापतं, याचं नवल फारसं कुणी करत नाही. पण ही ऊब विजेच्या बिलात मोजलेली असते. साधा पंखा पूर्ण वेगात साधारण ७५ वॅट वीज घेतो आणि त्यातली निम्म्याहून अधिक वीज वारा ढकलण्याच्या कामी येतच नाही. ती मोटरच्या तांब्या-लोखंडात उष्णता होऊन जाते.

गेल्या भागात इन्व्हर्टर एसी पाहिला. त्याचा कॉम्प्रेसर गरजेप्रमाणे हळू किंवा जलद फिरवणारी जी मोटर असते, त्याच जातीची मोटर आता छताच्या पंख्यात आली आहे. दुकानात तिला ‘बीएलडीसी’ म्हणतात. नवं उपकरण घ्यायचं म्हटलं की टीव्ही, स्मार्ट स्पीकर, हवा शुद्ध करणारं यंत्र अशी नावं निघतात. पण मध्यमवर्गीय भारतीय घरात रोज सर्वांत जास्त तास चालणाऱ्या उपकरणांत पंखा आहे, तोही एक नाही, तीन-चार. म्हणून या लेखमालेत एक पूर्ण भाग त्याच्यासाठी राखून ठेवला आहे.

जुन्या पंख्यातली मोटर ‘इंडक्शन’ प्रकारची. मधोमध स्थिर राहणाऱ्या भागावर तांब्याच्या तारेचे वेढे असतात. त्यांतून घरातली एसी वीज गेली की त्यांच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि ते गोल फिरू लागतं. त्याला एका दिशेने फिरायला लावण्याचं काम कपॅसिटर करतो. वायरमन ज्याला ‘कंडेन्सर’ म्हणतात तो हाच, बहुतेक पंख्यांत २.५ मायक्रोफॅरडचा. या फिरत्या क्षेत्राच्या मागे बाहेरचं ॲल्युमिनियमचं कडं धावतं आणि त्याच्याबरोबर पाती. खुबी आणि खोट दोन्ही या मागे धावण्यातच आहेत. कड्याने क्षेत्राला गाठलं तर त्यात वीज निर्माणच होणार नाही आणि ओढही संपेल. म्हणून त्याला कायम थोडं मागेच राहावं लागतं. चौदा ध्रुवांच्या मोटरमध्ये क्षेत्र मिनिटाला सुमारे ४२८ फेऱ्या घेतं, पंखा मात्र ३५० ते ३८० च्या घरात राहतो. मधला फरक कड्यात उष्णता बनून जिरतो. शिवाय लहानशा जागेत कोंबलेल्या बारीक तारेचे वेढे तापतात ते वेगळंच.

व्होल्टेज पडलं की या मोटरचे हाल होतात. तिची ओढ व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. म्हणजे २३० ऐवजी १८० व्होल्ट आले, तर ओढ साठेक टक्क्यांवर येते. गावाकडे संध्याकाळी सगळ्या घरांचे दिवे आणि पंप एकदम सुरू झाले की पंखा नुसता वेळ काढल्यासारखा फिरतो, ते यामुळे.

बीएलडीसी म्हणजे ब्रश नसलेली डीसी मोटर. ब्रश म्हणजे काय ते स्वयंपाकघरातल्या मिक्सरवरून चटकन कळेल. मिक्सर चालताना खालच्या जाळीतून निळसर ठिणग्या दिसतात, कधी करपल्याचा वास येतो आणि दुरुस्तीवाला सांगतो, ‘कार्बन बदलावे लागतील.’ ते कार्बन म्हणजेच ब्रश. फिरत्या भागाला घासत घासत ते वीज पोहोचवतात, योग्य क्षणी तिची दिशा बदलतात आणि झिजतात. बीएलडीसी मोटरमध्ये हे घासणं गेलं. बाहेरच्या कड्यात कायमचुंबक बसवलेले, आत तांब्याचे वेढे, आणि कोणत्या वेढ्यात कोणत्या क्षणी वीज सोडायची हे ठरवणारी एक छोटी चिप.

जत्रेतला हाताने फिरवायचा पाळणा आठवावा. पाळणेवाला वेळ साधतो, पाळणा हाताशी आला की नेमका तेव्हाच रेटा देतो. त्यामुळे एवढा मोठा पाळणा दोन माणसांना आवरतो. चिपचं काम तसंच. घरातली एसी वीज आधी डीसी केली जाते, मग चुंबक कुठे पोहोचला याचा अंदाज घेऊन पुढच्या वेढ्यात वीज सोडली जाते. चुंबक क्षेत्राच्या मागे रेंगाळत नाही, बरोबरीने चालतो. कड्यात वीज निर्माण करायची नसल्यामुळे तिथली उष्णताही वाचते. तेवढाच वारा २८ ते ३५ वॅटमध्ये मिळतो आणि वाटी हाताला जेमतेम कोमट लागते.

वेग कमी केल्यावर फरक आणखी ठळक होतो. पात्यांना लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग निम्मा केला तर हवेला ढकलायला एक अष्टमांश शक्ती पुरते. जुन्या पंख्याला हा फायदा पुरता उचलता येत नाही, कारण रेग्युलेटर व्होल्टेज कापतो आणि मोटर आणखी मागे पडून आपली कार्यक्षमता आणखी घालवते. जुन्या काळचा डबाबंद रेग्युलेटर तर वाचलेली वीज स्वतःच तापून संपवायचा. नव्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरने ते थांबलं, पण विजेची लाट कापली गेल्यामुळे पंखा गुंजू लागला. झोप सावध असलेल्या म्हाताऱ्या माणसांना ती रात्रीची घूं घूं पुरेपूर माहीत आहे. बीएलडीसी पंखा सर्वांत कमी वेगावर पाच-सहा वॅटपर्यंत उतरतो आणि तेव्हा त्याचा आवाज जवळजवळ येतच नाही.

ही मोटर काल-परवाची नाही. ब्रशच्या जागी ट्रान्झिस्टर वापरून डीसी मोटर चालवण्याची कल्पना टी. जी. विल्सन आणि पी. एच. ट्रिकी यांनी १९६२ मध्ये अमेरिकेत मांडली. संगणकाच्या डब्यातला छोटा पंखा आणि हार्ड डिस्कची चकती कित्येक वर्षं याच तत्त्वावर फिरत आली आहे. छतापर्यंत यायला तिला उशीर झाला तो किमतीमुळे. दीड हजाराच्या पंख्यात तेवढ्याच किमतीचं सर्किट बसवणं परवडणारं नव्हतं. चिप आणि वीज चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर स्वस्त झाले, तेव्हा वाट मोकळी झाली.

भारतात ही वाट आधी कोइमतूरने धरली. तिथल्या वर्सा ड्राइव्ह्ज या कंपनीने २०१२ मध्ये ‘सुपरफॅन’ बाजारात आणला, ३५ वॅटचा. त्याच वर्षी मुंबईच्या आयआयटीतून शिकून बाहेर पडलेल्या मनोज मीणा आणि सिबब्रत दास यांनी ॲटमबर्ग ही कंपनी काढली. सुरुवातीची काही वर्षं ते दुसरीच इलेक्ट्रॉनिक कामं करत होते. २०१५ मध्ये त्यांनी २८ वॅटचा ‘गोरिला’ पंखा आणला आणि मग पंखा हेच त्यांचं मुख्य काम झालं. पवईच्या आवारात शिकलेल्या मुलांनी, भल्याभल्या कंपन्या दशकानुदशकं सांभाळून असलेल्या धंद्यात मोटरच बदलून शिरकाव केला, ही गोष्ट मराठी वाचकाला अधिक ठाऊक असायला हवी. आज क्रॉम्प्टन, हॅवेल्स, ओरिएंट, उषा, बजाज या साऱ्यांच्या यादीत बीएलडीसी पंखे आहेत.

सरकारी नियमानेही धक्का दिला. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं तारांकित लेबल सक्तीचं झालं. त्या लेबलवर ताऱ्यांइतकाच महत्त्वाचा दुसरा आकडा असतो, ‘सर्व्हिस व्हॅल्यू’. पंखा मिनिटाला किती घनमीटर हवा ढकलतो, त्याला वॅटने भागलं की तो मिळतो. ३५ वॅटचा पंखा २२० घनमीटर हवा देत असेल तर आकडा ६.३ च्या आसपास येतो. ७५ वॅटचा पंखा तेवढीच हवा देईल तर ३ सुद्धा येत नाही. लेबल सक्तीचं झालं तेव्हा १२०० मिलिमीटरच्या पंख्याला पाच ताऱ्यांसाठी किमान ६ लागत. त्यामुळे पाच तारे म्हणजे जवळपास बीएलडीसीच, असं समीकरण झालं.

इथे एक सापळा आहे. नुसते वॅट पाहून पंखा घेऊ नये. पाती बेताची ठेवली, वेग कमी ठेवला, तर वॅट आपोआप कमी दिसतात आणि वाराही कमी लागतो. दुकानात आधी हवेचा आकडा विचारावा. १२०० मिलिमीटरच्या, म्हणजे ४८ इंची पंख्यासाठी तो २१० घनमीटरच्या खाली नसावा. दहा बाय बाराच्या खोलीत, मे महिन्यात, हा फरक अंगाला कळतो.

आता हिशेब. जुना ७५ वॅटचा, नवा ३० वॅटचा. दिवसाला पंधरा तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला सुमारे २० युनिट वाचतात, तीन पंख्यांमागे ६०. महावितरणच्या घरगुती दरांत १०० पर्यंत, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत असे टप्पे आहेत आणि वरच्या टप्प्याचं युनिट महाग. वाचलेलं युनिट नेहमी वरच्या टोकाचं असतं, हे लक्षात घेतलं पाहिजे. महिन्याला ३४० युनिट वापरणारं घर २८० वर आलं, तर त्याची सर्वांत महागडी चाळीस युनिटं आधी सुटतात. वरच्या युनिटमागे १० रुपये धरले, तर एका पंख्याचे महिन्याला २०० रुपये. थंडीचे महिने वगळले तरी वर्षाला दीड हजाराच्या आसपास. साधा पंखा दीड ते दोन हजारांत मिळतो, बीएलडीसी अडीच ते साडेतीन हजारांत. नवा पंखा घ्यायचाच असेल तर वरचे पैसे वर्षभरात वसूल होतात. चालू पंखा काढून बदलायचा असेल तर दोन वर्षं धरावीत. पाहुण्यांच्या खोलीतला, महिन्यातून चार दिवस चालणारा पंखा मात्र बदलूच नये. तिथे हे पैसे कधीच परत येणार नाहीत.

ज्या गावांत वीज जाते, तिथे हिशेब बिलाच्या पलीकडे जातो. १५० अँपिअर-अवरच्या बारा व्होल्टी बॅटरीतून, इन्व्हर्टरमधली गळती आणि बॅटरी पूर्ण रिकामी न करण्याची काळजी धरून, ढोबळमानाने हजार वॅट-तास वापरता येतात. तीन जुने पंखे त्यावर साडेचार तास चालतील. तीन नवे पंखे अकरा तास, म्हणजे रात्र निघते. लहान बाळ किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस असलेल्या घरात या एका कारणासाठीही पंखा बदलावा. कमी व्होल्टेजवरही चिप वेग टिकवून धरते, त्यामुळे संध्याकाळचं ते वेळ काढणंही थांबतं.

तक्रारीची बाजूही मोठी आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही. जुना पंखा साधा होता म्हणून अमर होता. हळू झाला तर थोडक्या पैशांचा कपॅसिटर, आवाज आला तर बेअरिंग, जळला तर कोपऱ्यावरच्या दुकानात वायंडिंग. चाळीस वर्षं फिरलेले पंखे महाराष्ट्राच्या वाड्यांत, शाळांत अजून फिरताहेत. बीएलडीसी पंख्याचा जीव त्याच्या सर्किटमध्ये असतो. वळवाच्या पावसात वीज कडाडली, लाइनवर झटका आला, तर जातं ते सर्किट, आणि गल्लीतल्या वायंडिंगवाल्याकडे त्याला इलाज नसतो. कंपनीचा माणूस यावा लागतो. तो तालुक्याच्या गावी येतो का, किती दिवसांनी येतो, वॉरंटीनंतर सर्किटचे किती पैसे पडतात, हे तीन प्रश्न पंखा घेण्याआधी विचारायचे आहेत. रंग आणि रिमोट नंतर.

बसवतानाची चूक आणखी नेहमीची. जुन्या रेग्युलेटरला हा पंखा तसाच जोडला जातो, मग तो अडखळतो, कधी सर्किट खराब होतं. बहुतेक बीएलडीसी पंख्यांसाठी रेग्युलेटर काढून थेट बटणावरून जोडणी करावी लागते. रेग्युलेटरवर चालणारे काही प्रकार आहेत, पण ते खोक्यावर स्पष्ट लिहिलेलं असलं तरच मानावं. रिमोटने बंद केलेल्या पंख्यात सर्किट जागंच राहतं, म्हणून घराबाहेर पडताना आणि गडगडाट सुरू झाला की भिंतीवरचं बटण बंद करावं. रिमोट हरवला तर काय, वीज जाऊन आल्यावर पंखा आधीचा वेग लक्षात ठेवतो का, हेही दुकानातच चालवून पाहावं. घरात आजी-आजोबा असतील तर रिमोटला दोरी बांधून तो पलंगाच्या दांडीला अडकवणं हा साधा उपाय अनेक घरांत उत्तम चालला आहे.

एलईडी दिव्यांच्या बाबतीत काय झालं ते ताजं आहे. ५ जानेवारी २०१५ ला उजाला योजना सुरू झाली. त्याआधी २०१४ मध्ये ३१० रुपयांना पडणारा सरकारी खरेदीतला दिवा दोन वर्षांत ३८ रुपयांवर आला, कारण तो घाऊक प्रमाणात एकदम विकत घेतला गेला. पंखा इतका स्वस्त होणार नाही. त्यात तांबं आहे, चुंबक आहे, पोलाद आहे. पण सर्किटची किंमत उतरू शकते, आणि सगळ्या कंपन्यांच्या पंख्यांना चालेल असं एकसारखं, सुटं मिळणारं सर्किट आलं तर दुरुस्ती पुन्हा कोपऱ्यावरच्या दुकानात येईल. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा अभ्यास करणारा मुलगा आज वायंडिंग शिकतो, तसाच त्याने हा बोर्ड तपासायलाही शिकायला हवं. तोवर खरेदीची पावती आणि वॉरंटीचं कार्ड पंख्याच्याच खोक्यात घालून ते माळ्यावर जपून ठेवावं. दुरुस्तीला आलेला माणूस आधी तेच मागतो.